नागसेन मिस्त्री आणि गाडीच्या पोटातलं पोळं

नागसेन मिस्त्रीकडं गाडी नेली की तो आधी बॉनेट उघडत नाही, स्टूल पुढं करतो. ड्रायव्हर एकटाच आलेला असला तर विचारतो, "घरचं आणखी कोण बसतं हिच्यात? त्यांनाबी घेऊन या." यावरून न्हावऱ्याच्या चौकात त्याची भरपूर थट्टा होते. गाडी दाखवायला आलो की पोरगी दाखवायला, असं लोक म्हणतात. मीही पूर्वी हसले होते. मग भाद्रपदातल्या एका शनिवारी त्याच स्टुलावर मला बसावं लागलं.

मी रोज सकाळी पूजा आटोपली की वहीत चार ओळी लिहिते. त्या तीन दिवसांना चार ओळी पुरल्या नाहीत, म्हणून हे सगळं सवडीनं वेगळं लिहून काढलं.

आम्ही वडगाव रासाईचे. भीमेच्या काठाला ऊस आहे, कांदा आहे. शेती आमचे मालक सर्जेराव बघतात आणि धाकटा दीर विक्रम गाडी चालवतो. गाडी पेट्रोलवरची, सात जणांची, सात वर्षं वापरलेली. विक्रम तिच्यातून गावातल्या सहा मुलींना नदीपलीकडं, यवतजवळच्या फार्मसी कॉलेजात रोज नेतो आणि आणतो. आमची वैष्णवी त्या सहातलीच. एसटी आहे, नाही असं नाही. पण ती पोचते तोवर पहिला तास संपतो, आणि परतीची शेवटची गाडी मुलींची प्रॅक्टिकलं सुटायच्या आत निघून जाते. म्हणजे मुलींचं कॉलेज या गाडीवर आहे, असंच म्हणायला पाहिजे.

श्रावण लागला आणि गाडीत वास यायला लागला. नासक्या अंड्याचा.

आमच्या घरात तीन पिढ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. गाडीत अंडं आलंच कुठून? मी सहाही मुलींचे डबे उघडून बघितले. चपाती-भाजी, एकीच्या डब्यात साबुदाणा. मग संशय उरला विक्रमवर.

"वैनी, रासाईची आण! मी अंड्याला हात लावला न्हाई."

"मग काय गाडीनं खाल्लं?"

"तिला इचारा."

गाडीला काय विचारणार? मी गोमूत्र शिंपडलं, दारं लावून आत धूप घातला. दुसऱ्या दिवशी गाडीत धूप आणि अंडं असा मिळून वास आला. सोपानरावांची ज्ञानेश्वरी वैष्णवीच्याच वर्गात आहे, बोलायला तिखट. नाकाला ओढणी लावून म्हणाली, "काकी, आधीचा वास बरा होता."

पहिल्या श्रावणी सोमवारी भुलेश्वरला महादेवाच्या दर्शनाला निघालो. यवत सोडून घाट सुरू झाला आणि गाडीनं हातपाय गाळले. पहिल्या गिअरमध्येसुद्धा कुंथायला लागली. एका मोपेडवर नवरा, बायको आणि टोपलंभर बेल, असे तिघं आमच्या पुढं गेले, वर वळून बघून गेले. शेवटी आम्ही उतरलो आणि चालत वर गेलो. विक्रम म्हणाला, "चालत आल्याचं पुण्य ज्यादा मिळतं." मालकांचा चेहरा मात्र पुण्य मिळाल्यासारखा नव्हता.

पुढच्या आठवड्यात काट्यांच्या शेजारी एक पिवळा दिवा लागला, इंजिनाच्या आकाराचा. तो जाईनाच. आधी एका टाकीत आठवडा निघायचा, आता गुरुवारीच पंप गाठावा लागे. विक्रमनं प्लग बदलले, फिल्टर बदलला. फरक शून्य. मालक रोज त्यालाच बोलत, "गाडी हाणतोस तू. रिकामी दिसली की हाणतोस." विक्रम खाली मान घालून ऐकायचा.

आणि मग भाद्रपदातल्या एका गुरुवारी पारगावच्या पुलावर, सहा मुली आत असताना, गाडी बंद पडली. अर्धा तास. मागं ट्रकांची रांग, हॉर्न, खाली भरून चाललेली नदी. मुली घरी सुखरूप आल्या, पण संध्याकाळी सोपानराव आमच्या ओट्यावर आले, सोबत आणखी दोन मुलींचे वडील.

"सर्जेराव, भांडायला आलो न्हाई," सोपानराव म्हणाले. "सोमवारी पोरींची प्रॅक्टिकल परीक्षा हाय. सोमवारी गाडी नीट गेली, नीट आली, तर पुढं बघू. पण पुलावर बंद पडणाऱ्या गाडीत मी पोरगी बसवणार न्हाई. आन् मला रोज मोटारसायकलीवर सोडाय जमणार न्हाई. मग झालं तेवढं शिक्षण बास."

बाकीच्या दोघांनी माना हलवल्या. ज्ञानेश्वरी वैष्णवीबरोबर आत स्वयंपाकघरात होती. एवढी बोलकी मुलगी, पण तोंडातून शब्द नाही. ती गेल्यावर वैष्णवी मला म्हणाली, "आई, वर्गात ती पहिली येते गं."

शुक्रवारी गाडी हायवेवरच्या एका मोठ्या गॅरेजात नेली. त्यांनी मशीन लावलं, दहा मिनिटांत सांगितलं की इंजिन खोलावं लागेल, पंधरा दिवस लागतील. मालक म्हणाले, "पंधरा दिवस थांबण्यापरीस विकून टाकू." त्या दिवशीच्या पानावर मी फक्त देवाचं नाव लिहिलं. पुढं हात चालेना.

वैष्णवीच म्हणाली, न्हावऱ्याला नागसेनकाकाला दाखवा. विक्रमनं आधीच तिकडं जायला हवं होतं, पण त्याची अडचण निराळी. दोघं दहावीपर्यंत एका बाकावर. शाळेत असताना विक्रमनं घरच्या ट्रॅक्टरचा गिअर मोडला होता आणि नागसेन त्याला आजतागायत 'गियरतोड्या' म्हणतो, तेही चौकात, मोठ्यानं.

नागसेनचे वडील न्हावऱ्याच्या बाजारात सायकलींची पंक्चरं काढायचे. लेकानं शिरूरला आयटीआय केला आणि रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत लागला. तिथं गाड्यांच्या सायलेन्सरचे भाग बनायचे. सात वर्षं कंत्राटावर. एक दिवस कंत्राट संपलं आणि हा घरी आला. चार दिवस झोपून काढले असं त्याची आई अनसाबाई सांगते. पाचव्या दिवशी वडिलांच्या पंक्चरच्या टपरीला मागं पत्र्याची शेड जोडली आणि पाटी लावली. आता शेडमध्ये भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, तिच्याखाली लहानापासून मोठ्यापर्यंत पाने ओळीनं टांगलेले. माझं देवघर कधी एवढं नीटनेटकं नसतं, हे मी प्रामाणिकपणे लिहिते.

शनिवारी सकाळी आम्ही गेलो तेव्हा अनसाबाई दारातच स्टोव्हवर चहा उकळत होत्या.

"बस पोरी," त्या मला म्हणाल्या. "आता ह्यो तुझ्या गाडीची जन्मकुंडली काढंल. येवढे प्रश्न पोरीच्या बापाला इचारले आसते तर माझ्या घरात सून आली आसती."

"आये, च्या उतू चाललाय," आतून नागसेन म्हणाला.

बाहेर येऊन त्यानं विक्रमकडं बघितलं. "का रं गियरतोड्या, आता काय मोडलं?" मग माझ्यासमोर स्टूल ठेवलं. "वैनी, बसा. कवापासून चाललंय हे?"

"झाले की महिना-दोन महिने," विक्रम म्हणाला.

"महिना का दोन? तीस दिसांचा फरक हाय त्यात."

विक्रमला सांगता येईना. माझ्या पिशवीत वही होती. मी ती काढली. नागसेननं भुवया वर केल्या. "वहीत गाडीचंबी लिवता?"

"सगळंच लिहिते. पाऊस पडला, गाय किती दूध देते, कोण आलं, कोण गेलं."

"वाचा मग."

मी वाचत गेले आणि तो खडूनं शटरवर लिहीत गेला. श्रावण शुद्ध द्वितीया, गाडीत अंड्याचा वास. पहिला सोमवार, घाटात गाडी चढली नाही. पुढच्या आठवड्यात पिवळा दिवा. मग टाकी लवकर संपते. डबे तपासले आणि गोमूत्र शिंपडलं हेही मी वाचून गेले. अनसाबाई एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

नागसेन मात्र शटरसमोर उभा राहून बघत होता. "इंजिन असं वळीनं मरत न्हाई. हे इंजिनाचं दुखणं न्हाई, वैनी. श्वास अडकलाय."

तोवर मालक आणि सोपानराव मोटारसायकलीवरून पोचले. सोपानरावांना सगळं डोळ्यांनी बघायचं होतं. त्यांच्यासमोर नागसेननं काय काय केलं ते मी लिहून ठेवते, कारण मला त्यात फार गंमत वाटली.

गाडी थंड होती तेव्हा तो खाली गेला आणि रबरी हातोडीनं गाडीच्या पोटाला हलकेच ठोकलं. आतून खुळखुळा वाजल्यासारखा आवाज आला. "आयका," तो खालूनच म्हणाला. "भरीव वाजलं पायजे. हे सुटलंय." मग गाडी चालू करून सायलेन्सरच्या मागं हात धरला आणि मालकांनाही धरायला लावला. एवढं मोठं इंजिन, पण मागून येणारा वारा म्हाताऱ्या माणसाच्या फुंकरीएवढा.

मग त्यानं एक यंत्र काढलं. करोनात कपाळाला लावायचे तसलंच दिसणारं, पण हे फार तापलेल्या वस्तूंसाठीचं. गाडी वीसेक मिनिटं चालू ठेवून गाडीच्या पोटाखाली, सायलेन्सरच्या वाटेवर एक लोखंडी डबा असतो, त्याच्या पुढच्या तोंडावर त्यानं नेम धरला. चारशे अंशांच्या आसपास. मागच्या तोंडावर धरला. दोनशेसुद्धा नाही.

"तब्येत चांगली आसती तर मागचं तोंड पुढच्याइतकं, उलट जरा ज्यादाच तापलं आसतं," तो म्हणाला. "उरलासुरला धूर ह्या डब्यात जळतो ना. हितं काही जळतच न्हाई, आन् पुढंबी जात न्हाई. तुंबलंय."

सोपानराव म्हणाले, "मशीनवाल्यांनी इंजिन सांगितलं."

"आप्पा, मशीन दिवा का लागला ते सांगतं. दुखतं कुठं ते माणसाला शोधावं लागतं. थांबा, दावतो."

गाडी निवल्यावर त्यानं डब्याच्या अलीकडची एक नळीसारखी वस्तू, सेन्सर म्हणतात तिला, खोलून काढली. म्हणजे कोंडलेला धूर तिथूनच बाहेर पडेल. विक्रमला म्हणाला, "चालव. चौकातनं वरच्या चढापतूर जा आन् लगीच परत ये."

काय तो आवाज! शंभर ट्रॅक्टर एकदम चालू झाल्यासारखा. बाजारातली माणसं दुकानातून बाहेर आली. कुणी ओरडलं, "विक्रम, हेलिकॉप्टर घेतलं का?" पण गाडी! महिनाभर कुंथणारी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढून गेली. विक्रम परत आला तो दात काढत.

"इंजिन चांगलं हाय," नागसेन म्हणाला. "हिचं नाक दाबलं हुतं कुणीतरी."

डबा पूर्ण निवल्यावर त्यानं तो खोलून बाहेर काढला. मग फळीवरून भाजलेल्या मातीचा, पांढरट दगडासारखा एक तुकडा आणून माझ्या हातात दिला. कंपनीत बाजूला टाकलेला, त्यानं आठवण म्हणून आणलेला. मधाच्या पोळ्यासारखा, पण भोकं एवढी बारीक की मोजता मोजता डोळे फिरतील.

"सात वर्षं मी हेच केलं," तो म्हणाला. "ह्ये पोळं मॅटमधी गुंडाळायचं, डब्यात दाबून बसवायचं, आन् लाईटीपुढं धरून बघायचं. एक जरी भोक बुजलेलं दिसलं तर बाजूला. माझ्या शेजारी बिहारचा एक भाऊ हुता, तो म्हणायचा, 'भाई, यह गाड़ी का फेफड़ा है.' फुप्फुस. इंजिनातनं विषारी धूर आला की ह्याच्या भिंतींवर त्याचं इख कमी होतं. ह्येच बिघडलं की पेट्रोलातल्या गंधकाचा नासक्या अंड्यागत वास सुटतो."

मी त्याचा तुकडा उजेडाकडं धरला. आरपार चांदण्या दिसल्यासारखा उजेड. मग त्यानं आमचा डबा उन्हाकडं धरला. आत काळोख. पोळ्याचे तुकडे झाले होते, ते फिरून आडवे बसले होते, आणि वाट बंद.

"हे टिकतं तरी किती?" मालकांनी विचारलं. "सात वर्षांत मरायचं आसंल तर कंपनीनं फसवलं म्हणायचं."

"न्हाई, दादा. बरी वापरली तर धा वर्षं, दीड-दोन लाख किलोमीटर सहज जातं. आमची लाईन बघायला एक जुना इंजिनिअर यायचा, तो म्हणायचा, हे आपण होऊन मरत न्हाई, ह्याला कुणीतरी मारतं. प्लग चुकायला लागला आन् माणूस तसाच चालवत राहिला, की कच्चं पेट्रोल हितं येऊन पेटतं आन् पोळं वितळतं. इंजिन ऑइल खायला लागलं की त्याची काजळी बसून बुजतं. भेसळीचं पेट्रोल, तेबी हायच. दगडावर पोट आपटलं तर फुटतं. तुमची गाडी एक लाखाचीबी झाली न्हाई. हिच्या मरायची येळ नव्हती."

सोपानरावांना घाई होती. ते म्हणाले, "मग आतलं काढून टाक. डबा रिकामा, वाट मोकळी. माझ्या भाच्यानं तसंच केलंय, गाडी पळती."

"पळंल," नागसेन म्हणाला. "पीयूसीत नापास हुईल, ते जाऊ द्या. आप्पा, मागल्या सीटवर कोण बसतं?"

"पोरी."

"काच उघडी आसती. रिकाम्या डब्याचा धूर त्यांच्या नाकात जाणार, रोज, जाता-येता. माझ्या गॅरेजातनं तसली गाडी भायेर जात न्हाई. दुसरीकडं करा, मी नाराज हुणार न्हाई."

सोपानरावांनी विषय सोडला. नव्या डब्याची किंमत मालकांनी दोनदा विचारली, मग म्हणाले, "घाल. सोमवारच्या आत घाल."

"घालतो. पण आधी जुना कशानं मेला ते मला कळलं पायजे. न्हाईतर नवाबी दोन महिन्यांत मरंल आन् तुमी मला शिव्या द्याल." त्यानं पोळ्याचा एक तुकडा बोटात फिरवला. "हे वितळलेलं न्हाई, कडा बघा, स्वच्छ हायत. तडकलंय. डब्याला भायेरनं ठोकरीचा वण न्हाई. म्हंजी पाणी. विक्रम, गाडी पाण्यात कवा घातली हुतीस?"

विक्रम म्हणाला, "पावसाचं आसंल."

"पावसानं न्हाई हुत. गाडी तापलेली आन् पोट बुडलं पायजे."

"मला काय आठवत न्हाई."

"तुला आठवत नसंल तर इंजिन उघडून दुसरं कारण शोधावं लागंल. मग सोमवार इसरा."

विक्रम पायानं खडी उकरायला लागला. मालकांनी त्याच्याकडं बघितलं, आणि पुन्हा तेच सुरू होणार हे मला दिसलं. मला मात्र ऐकतानाच उमगलं होतं. माझ्या मांडीवर वही होती आणि पान कुठलं हे मला माहीत होतं. मनात आलं, विक्रम बोलत नाही, मी तरी कशाला बोलू? चारचौघांत, सोपानरावांसमोर. मग स्वयंपाकघरात गप्प उभी राहिलेली ज्ञानेश्वरी आठवली. एवढी जपमाळ ओढून एवढंही तोंडातून निघत नसेल तर ती कशाला ओढायची?

मी पान काढलं आणि मोठ्यानं वाचलं. "आषाढ अमावास्या. दिव्यांची अवस. घरातले सगळे दिवे घासले. चार वाजता विक्रम मुलींना घेऊन यवतहून आला. गाडी थेट घाटावर नेली. नदीला पाणी वाढलेलं. गाडीला पोट बुडेपर्यंत स्नान घडलं. लिंबू-मिरची बदलली. समाधान वाटलं."

आमच्याकडं दर अवसेला गाडी घाटावर धुतात, सगळं गावच धुतं. एरवी पाणी चाकापर्यंत असतं. त्या दिवशी विक्रम म्हणाला होता, "वैनी, गाडी लांबून आलीय, तापलीय, जरा थांबू द्या." मीच म्हणाले होते, दिवेलागणीच्या आत झालं पाहिजे, घाल आत. तेही मी सांगून टाकलं.

खरं तर त्याच दिवशी सकाळी मी वैष्णवीला ओरडले होते. जुना कंदील तिनं पेटवून बघितला होता आणि काच गरम असताना ओलं फडकं लावायला निघाली होती. तडकेल ना, म्हटलं. कंदिलाची काच मला कळली. गाडीच्या पोटातली मातीची काच मला कुठून कळणार?

मालक विक्रमला म्हणाले, "का रं, महिनाभर मी तुला बोलतोय. सांगायला काय झालं हुतं?"

"वैनी हायत," विक्रम म्हणाला. बास, एवढंच.

मला वाटलं होतं नागसेन हसेल. देवधर्माची थट्टा करायला त्याला मोकळं रान होतं. पण त्यानं शटरवर वासाच्या वरती लिहिलं: अवस, नदी. आणि खडू खाली ठेवला. "कारण सापडलं. आता मी बसवायला मोकळा. वैनी, तुमी लिवून ठेवलंत म्हणून इंजिन वाचलं. गाडी धुवा की, कोण नको म्हणतं? तासभर गार होऊ द्या, मग धुवा. नदी कुठं पळून जात न्हाई."

"आन् अवस सुटली तर?" अनसाबाईंनी विचारलं.

"आये, सकाळीच धुवायची. रातभर उभी आसती गाडी, निवून गार."

हे माझ्या डोक्यात का आलं नव्हतं, कुणास ठाऊक.

रविवारी पुण्याकडची दुकानं बंद. पण कंपनीतला त्याचा एक जुना जोडीदार वाघोलीला सुट्या भागांच्या गोदामात आहे. नागसेननं त्याला उठवून शटर उघडायला लावलं आणि नवा डबा मोटारसायकलीला बांधून आणला. अनसाबाई सांगत होत्या, रस्त्यावरच्या प्रत्येक गतिरोधकाला तो मोटारसायकल हातानं ढकलत आणत होता, तान्हं मूल आणल्यासारखी. दुपारी बसवला. विक्रमनं टाकलेले प्लग पुन्हा तपासले, ऑइल बघितलं, पिवळा दिवा मशीननं विझवला. म्हणाला, "आता परत लागला तर मला कळवा. स्टिकर चिकटवून झाकू नका, लोक तसंबी करतात."

सोमवारी साडेसहाला तो न बोलावता वडगावात हजर. विक्रमनं गाडी चालू केली तसा हा रस्त्यावर गुडघे टेकून सायलेन्सरच्या मागं नाक नेऊन बसला. ज्ञानेश्वरी म्हणाली, "काका, नमस्कार करताय का?"

"करतोय. तूबी कर, आज परीक्षा हाय तुझी," तो म्हणाला आणि उठून पँट झटकली. मी शिरा केला होता. त्यानं उभ्यानंच खाल्ला, आणि आईसाठी डब्यात मागून घेतला.

सोपानराव मोटारसायकल घेऊन तयार होते. गाडीच्या मागोमाग जायचं, बंद पडली तर ज्ञानेश्वरीला उचलायचं, असा त्यांचा बेत. सहा मुली आत, सोपानराव मागं, असा मोर्चा निघाला. पुढचं विक्रमनं सांगितलं. पारगावच्या पुलावर त्यानं आरशात बघितलं तर सोपानराव अगदी टेकून येत होते. हायवेला लागल्यावर जरा लांब दिसले. उड्डाणपुलाच्या चढावर दिसेनासे झाले. कॉलेजच्या फाटकात मुली उतरून आत गेल्या, विक्रमचा अर्धा चहा झाला, तेव्हा सोपानराव पोचले. हेल्मेट काढून म्हणाले, "गेल्या का आत?"

"कवाच."

सोपानरावांनी गाडीला एक चक्कर मारली, वास घेतला, आणि परत फिरले.

संध्याकाळी गाडी वेळेवर आली. मी तुळशीपाशी उभी होते. सोपानराव रस्त्यातच थांबले, मोटारसायकल बंद केली नाही.

"बाई, उद्या किती वाजता निघती गाडी?"

दोन वर्षं त्यांची मुलगी याच गाडीनं जाते. मी म्हणाले, "रोजच्याच टायमाला. सात."

"मग पावणेसातला धाडतो तिला." गिअर टाकला, पुन्हा थांबले. "आन् तिला जरा पुढं बसवत जावा. मागं तिला मळमळतं."